जुन्या गुळाचे लाडू

"ती ताटली इकडे दे," आई म्हणाल्या.

मी माजघराच्या उंबऱ्यात होते. ताटलीत धोंडसाची वडी होती आणि तिच्यावरचा लोण्याचा गोळा नुकता कुठे वितळायला लागला होता. समोर माझी धाकटी जाऊ कुमुद भिंतीला टेकून बसली होती. वासानेच तिने मान वर केली होती, हातही पुढे केला होता.

"कुमुदला देतेय," मी म्हटलं. "सकाळपासून वासावर आहे ती."

"कळलं मला. इकडे दे."

मी ताटली दिली. आईंनी ती कोनाड्यात ठेवली, वर वाडगं पालथं घातलं आणि पदराला हात पुसत, उद्या पाऊस येईलसं दिसतंय असं सांगावं तशा स्वरात म्हणाल्या, "आजपासून कुमुद तुझ्या हातचं खाणार नाही. तिचं मी बघेन. तू मनाला लावून घेऊ नकोस."

माझ्या सासूबाई कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. चढवायची त्यांना गरजच पडली नाही. मी "बरं" म्हटलं आणि चुलीपाशी जाऊन पातेल्याच्या झाकणावरचे निखारे चिमट्याने उतरवत बसले.

धोंडस हा माझ्या माहेरचा, सावंतवाडीकडचा पदार्थ. जून काकडी किसायची, तिला सुटलेल्या पाण्यातच गूळ विरघळवायचा, भाजलेला तांदळाचा रवा आणि ओलं खोबरं घालायचं, खाली हळदीचं पान, आणि मग पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. दोन्हीकडून आच लागली की गुळाला जो रंग येतो तो साखरेला जन्मात येत नाही. माझं सासर घाटावर, हिरण्यकेशीच्या काठी. ऊस घरचा, गुऱ्हाळ घरचं, माळ्यावर ढेपांची उतरंड. पण काकडीत गूळ घालून असं भाजतात हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. माझी नणंद सुलोचना बेळगावात दिलेली. ती त्याला 'वहिनीचा केक' म्हणायची.

माझ्या हातचं का नको, ते आईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते सगळ्या गावाला माहीत होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती. आणि गेल्या वर्षी कुमुदला दिवस गेले, ते चौथा महिना लागता लागता गेलं, त्याच्या आदल्याच दिवशी तिने माझ्या हातची गव्हाची खीर खाल्ली होती. नदीच्या घाटावर धुणं धुताना बायका काय बोलतात ते आपल्यापर्यंत कुणी ना कुणी आणून पोचवतंच. "द्वारकेची नजर," असं त्या म्हणत. पुढे काही बोलायची गरज नसे.

खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, असेल. आपल्या मनात काय काय असतं ते आपल्याला तरी कुठे सगळं दिसतं? म्हणून या खेपेला कुमुदची बातमी कळली तेव्हा मी नेहमीच्या नेमांत आणखी एकाची भर घातली होती. औदुंबराच्या प्रदक्षिणा होत्या, गोग्रास होता, चातुर्मासात एकभुक्त होतं. त्यावर मी कुमुद सुखरूप बाळंत होईपर्यंत गूळ सोडला. गुळाच्या घरात राहून, रोज हाताला गूळ लागत असताना सोडला. धोंडस भाजायचं, वासाने घर भरून टाकायचं आणि बोटही चाटायचं नाही.

दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते, तिथे कुमुद आली. जराशी थुलथुलीत, हसरी पोर. तिला गप्प बसता यायचं नाही.

"वहिनी, त्या वडीचं काय झालं?"

"गाईला घातली आईंनी."

"गाईला चालते तुमची नजर?" ती खुसखुसली. मग माझ्याकडे बघून एकदम ओशाळली. "चेष्टा केली हो. उद्या पदराखालून एक तुकडा आणा. नजरेचं काय ते मी बघून घेते."

"आई नको म्हणाल्यात ना, मग नको. त्या देतात ते खा."

"ते लाडू?" तिने तोंड वाकडं केलं. "रोज अंघोळ झाली की उपाशीपोटी एक. समोर उभ्या राहतात, संपेपर्यंत हलत नाहीत. डिंकाचे म्हणतात, पण डिंकाचे असे काळे असतात का हो? कडवट लागतात. आणि दाताखाली बारीक बिया येतात."

"पौष्टिक असेल काहीतरी."

"असेल. पण दोन दिवस कंबर भरून येते, वहिनी. आईंना म्हटलं तर म्हणाल्या, यायचीच, अंग जड होतंय." आणि मग काकडीचा किस ठेवला होता त्या परातीकडे बघत, "नुसती काकडी खाल्ली तर नजर लागते का?" म्हणून ती दोन मुठी घेऊन पळाली.

भांड्यावरचा माझा हात थांबला होता. का ते मला तेव्हा नीटसं कळलं नाही.

गौरीपूजन दोन दिवसांवर आलं होतं. सुलोचना त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने बेळगावहून आली. तिलाही दिवस होते, सहावा लागला होता. तिला बघून आईंचा चेहरा जो उजळला तो मी विसरले नाही. तिच्या पायांवर त्यांनी स्वतः पाणी घातलं.

रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडत बसलो तेव्हा सुलोचना मला म्हणाली, "वहिनी, तुम्हीच सांगा. पहिलटकरीण मी, बाळंतपण माहेरी व्हायचं की नाही?"

"व्हायचंच."

"मग आईने माझ्या सासूबाईंना का सांगून पाठवलं, की तिकडेच करा म्हणून? सासूबाई येता-जाता ऐकवतात, तुझ्या माहेरी गूळ भरपूर, पण लेकीसाठी खाट नाही. मला काही उत्तर सुचत नाही हो."

"आई थकल्यात आता."

"थकली म्हणून कुमुदला लाडू वळते रोज. मी विचारलं, मला दे ना एक. तर म्हणे, तुझ्यासाठी वेगळे करेन." ती रुसक्या आवाजात म्हणाली. "सून लाडकी, लेक परकी."

आई पलीकडे वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पुरणाला गूळ काढायला मी फडताळाशी गेले. रोजचा गूळ खालच्या कप्प्यात, पिवळाधमक, नखाने खरवडला तर भुगा होईल असा. पण वरच्या कप्प्यात, फडकं बांधलेली एक चिनी मातीची बरणी असायची. तिच्यात जुना गूळ होता. किती वर्षांचा ते आईंनाच ठाऊक. जुना गूळ खाण्याचा नव्हे, औषधाचा; इतका उष्ण की पोटुशीला देत नाहीत. काळा पडतो, चिकट होतो, त्याला आंबूस, खारट, लोखंडासारखा वास येतो. कुणाला खोकला झाला, बाळंतिणीचं अंग धरलं, तर सुपारीएवढा काढायचा. बरणी वर्षानुवर्षं तशीच भरलेली असायची.

त्या दिवशी फडकं सैल बांधलेलं दिसलं. मी पाटावर चढून बरणी उतरवली. अर्ध्याहून खाली गेली होती. आत सुरीच्या धारेचे ताजे व्रण होते.

मी बरणी होती तिथे ठेवली. फडकं होतं तसंच सैल बांधलं.

कुमुदला मी गोठ्यापाशी गाठलं. "उद्याचा लाडू अर्धा खा, आणि अर्धा मला आणून दे."

"तुम्ही तर गूळ सोडलाय."

"बघायचाय मला कसा केलाय ते."

"आई उभ्या असतात ना समोर."

"मी आईंना हाक मारेन. तेवढ्यात कर."

तिला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरातून हाक मारली, की घंगाळाचा पाय सुटलाय, जरा बघा. आई आल्या, गेल्या. थोड्या वेळाने कुमुदने माझ्या मुठीत एक ऊन, चिकट गोळा कोंबला. म्हणाली, "अर्धा नाही, अख्खाच आणला. आज सुट्टी."

मी देवघरात जाऊन दार लोटलं. लाडू नाकाशी धरला. जुना गूळ तर होताच. त्याच्या मागे आणखी एक वास होता. तो मला ओळखीचा वाटत होता पण नाव सापडत नव्हतं. नाकावर भरवसा ठेवून एवढा मोठा आळ कुणावर घेता येत नाही. मी देवापुढे बसून राहिले. गूळ सोडला होता तो ज्या जिवासाठी, त्याच जिवासाठी आता तो जिभेवर ठेवावा लागणार होता. मी हात जोडले, आणि नखाएवढा तुकडा तोंडात घातला.

दाताखाली बी फुटली, कडवट पाणी जिभेवर आलं, आणि मला सगळं आठवलं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझी पाळी चुकली होती. आई म्हणाल्या, नवी जागा, नवं पाणी, लांबते कधीकधी. त्यांनी आठवडाभर मला असेच लाडू दिले होते. मग एक दिवस पोटात कळा आल्या आणि पाळी आली, ती फार आली. त्या माझ्या उशाशी बसून राहिल्या होत्या, डोक्यावरून हात फिरवत होत्या. अडलेलं मोकळं झालं, असं त्या म्हणाल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडले होते.

त्या बियांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळत नाही त्यांना न कळलेलंच बरं.

ह्यांना मी न्याहारी वाढताना सांगितलं. माझे यजमान सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी घास खाली ठेवला.

"आईवर?" ते म्हणाले. "द्वारका, आईवर बोलतेयस तू?"

"मी चाखून बघितलाय."

"तुला कुमुदचं खाणं बघायला मिळत नाही म्हणून हे सुचलंय. बाहेर कुणी ऐकलं तर लोक म्हणतील, स्वतःला मूल नाही म्हणून सासूवर कुभांड रचते. म्हणतील की नाही?"

"म्हणतील."

"मग पुन्हा हे तोंडातून काढू नकोस."

ते खोटं बोलत नव्हते. लोक तेच म्हणाले असते. रघूभाऊजी, कुमुदचे यजमान, तेही तेच म्हणाले असते. कुमुदला सांगावं तर ती पोर घाबरून सगळ्या घरभर बोलली असती, आणि आईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं असतं की संपलं. मला कुणी मानलं असतं असा एकच माणूस घरात होता, आणि तो म्हणजे आई स्वतः.

तो गौरीपूजनाचा दिवस. मी सोवळ्यात पुरण शिजवलं, गूळ घालून घोटलं, पोळ्या लाटल्या. कुमुद येता-जाता कमरेवर हात ठेवत होती. एकदा ती भिंतीला धरून थांबली. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, उसण भरलीय." तिच्या कपाळावर घाम होता. आई लांबून बघत होत्या. त्यांनीही तो घाम पाहिला. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली. त्या काहीतरी म्हणत होत्या, जपासारखं.

कुमुदने दिलेला तो लाडू मी गौरीपुढे नेऊन ठेवला. नैवेद्य दाखवला नाही. त्याच्याखाली पाण्याचं मंडल केलं नाही, त्याच्यावरून पळी फिरवली नाही. नुसता ठेवला, विड्याच्या पानावर, तिला दिसेल असा.

दुपारी जेवणं उरकली. पुरुष ओटीवर पानं खात बसले. माजघरात आम्ही चौघीच होतो. आई गौरीच्या बाजूला पाट घेऊन, सुलोचना पाय लांब करून, कुमुद उशाला हात घेऊन आडवी. मी विड्याचं पान उचललं आणि सुलोचनेपुढे धरलं.

"वन्सं, घ्या. गौरीपुढचा आहे."

"कसला लाडू?" तिने वास घेतला. "अय्या, हा तर कुमुदच्यातला. आई, शेवटी मिळाला बघ मला."

"ठेव तो," आई म्हणाल्या.

"का गं? गौरीपुढचा म्हणतायत वहिनी."

"ठेव म्हणते ना. जड होतो तो."

"कुमुदला रोज होत नाही जड, मला एकाने काय होणारंय?" सुलोचनेने हसत हसत लाडू उचलला. माझा हात तिच्या मनगटाखालीच होता. तो तोंडापर्यंत गेला असता तर मी धरला असता. पण मी बघत होते आईंकडे.

त्या पाटावरून कशा उठल्या ते मला दिसलंच नाही. समई लवंडली. लाडू सुलोचनेच्या हातून उडून कोपऱ्यात जाऊन पडला. लेकीच्या मनगटावर आईंच्या बोटांचे वळ उमटले होते.

"आई," सुलोचना कशीबशी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मारलंस मला?"

आई धापा टाकत होत्या.

मी समई उभी केली, वात सारली. मग हळूच म्हटलं, "कुमुदला सोसतो तो, आई. वन्संनाच का नाही सोसायचा?"

कुमुद उठून बसली होती. एकदा माझ्याकडे, एकदा आईंकडे बघत होती. तिला काही कळलं नाही, सुलोचनेलाही नाही. आईंना मात्र कळलं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली, आणि मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्या नजरेला त्या घाबरल्या.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फडताळातला डबा काढला. मी मागोमाग गेले आणि दार लावून घेतलं. डब्यात बरेच लाडू होते, एकसारखे वळलेले. त्यांचा हात फार सुबक होता.

"गाईला घालू नका," मी म्हटलं. "ती गाभण आहे."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी एकेक लाडू चुलीत टाकायला सुरुवात केली. गूळ आधी फसफसला, मग वितळून निखाऱ्यांवर पसरला, मग काळा धूर निघाला. आम्ही दोघी त्या धुरात समोरासमोर बसलो.

"कधी कळलं?"

"आज सकाळी. चाखला."

"गूळ सोडला होतास ना तू?"

"सोडला होता."

"म्हणजे तेही पाप माझ्याच माथी." त्यांनी आणखी एक लाडू टाकला. "तुला काय वाटतं, मी राक्षसीण आहे?"

मी डबा त्यांच्याकडे सरकवला.

"या घरात पाळणा बांधला की बाप्या जातो," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा झाला, बारशाच्या आत मामंजी गेले. लोक म्हणाले, वय झालं होतं. रघूच्या वेळी माझे धाकटे दीर. वीस-बावीसचा मुलगा, रोज पोहणारा. नदीवर गेला तो आलाच नाही. आणि सुलूच्या वेळी..." त्या थांबल्या. चुलीतलं लाकूड उगाचच पुढे सारलं. "मी बाळंतिणीच्या खोलीत होते. सोयर होतं. मला तोंडसुद्धा बघू दिलं नाही ह्यांचं. खिडकीतून नुसते पाय दिसले, नेताना."

बाहेर सुलोचनेचं मुसमुसणं ऐकू येत होतं, आणि कुमुद तिची समजूत काढत होती.

"आता दोघेच उरलेत," आई म्हणाल्या. "तूच सांग, कुणाला देऊ? तुझा देऊ का तिचा?"

"म्हणून वन्संचं बाळंतपण बेळगावात."

"हो."

"गेल्या वर्षी कुमुदचं?"

त्यांनी डब्यातला शेवटचा लाडू काढला, उलटासुलटा करून बघितला आणि चुलीत टाकला. त्यापेक्षा मोठं उत्तर नव्हतं. त्या खेपेची बोलणी मी वर्षभर खाल्ली होती.

आणखी एक प्रश्न होता. माझ्या जिभेवर त्या बियांचा कडवटपणा अजून होता, आणि तो प्रश्नही तिथेच होता. आई त्याची वाट बघत होत्या. त्यांचे खांदे आवळलेले होते. मी तो विचारला नाही. उत्तर 'हो' असतं तर मला त्या बाईजवळ बसून पुढचं बोलता आलं नसतं, आणि पुढचं बोलायचं होतं.

"आजपासून कुमुदचं सगळं माझ्या हातचं," मी म्हटलं. "हे तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर."

"आणि रघूला काही झालं तर?"

"तर माझी नजर लागली म्हणा. गावाला काही नवीन वाटायचं नाही."

आईंनी धुरातून माझ्याकडे बघितलं. "तसं म्हणेन मी," त्या म्हणाल्या. "लक्षात ठेव. तसंच म्हणेन."

"म्हणा."

संध्याकाळी दिवा लागल्यावर त्यांनी ओटीवर जाऊन सांगितलं, की आपल्या हाताला आता चव राहिली नाही, कुमुदचं खाणंपिणं द्वारका बघेल. रघूभाऊजींनी चमकून विचारलं, "आणि ते नजरेचं?" आई म्हणाल्या, "गौरीने कौल दिला." ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पुढे कितीतरी दिवस बघितलं नाही.

कुमुदची कंबर उतरायला आठवडा गेला. तो आठवडा मी तिच्या खाटेशेजारी चटईवर निजले. मग ती धोंडस मागायला लागली, मग काकवी आणि भाकरी, मग गूळ-शेंगदाणे, मग पुन्हा धोंडस. मी करत होते. आई दारात उभ्या राहून बघायच्या. जेवताना मात्र त्या माझ्या हातचं मी आधी खाल्ल्याशिवाय खात नसत. आपण काय केलं होतं ते त्यांना ठाऊक होतं, तेव्हा माझ्याकडूनही त्यांना तीच भीती वाटणं साहजिक होतं.

सातव्यात कुमुद निपाणीला माहेरी गेली. तिथे मुलगा झाल्याचा सांगावा आला, आणि त्याच आठवड्यात रघूभाऊजी तापाने अंथरुणाला खिळले.

ते दिवस मी कसे काढले ते देवालाच ठाऊक. आई त्यांच्या उशाशी बसून असत आणि मी पाणी द्यायला गेले की माझ्याकडे बघत. शिव्या नाहीत, शाप नाहीत, नुसतं बघणं. मला वाटायचं, आता म्हणतील. आता ओटीवर जाऊन सांगतील. डॉक्टर गारगोटीहून दोनदा येऊन गेले. एका पहाटे भाऊजींना घाम फुटला आणि त्यांनी पेज मागितली. ताप उतरला. पण आईंच्या डोळ्यांतलं जे होतं ते उतरलं नाही. पाळणा अजून घरात यायचा होता.

तिसऱ्या महिन्यात कुमुद बाळाला घेऊन आली. जीपमधून उतरली, तशी थकलेली, हसरी, आणि बोलतच उतरली, की रस्ताभर रडला नाही हो, आजोळचा गूळ गोड लागला म्हणायचं त्याला. उंबऱ्यावर मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि बाळ तिच्या हातून माझ्याकडे घेतलं. ऊन होतं म्हणून त्याच्या तोंडावर पदर धरला.

आत वळले तर आई समोर उभ्या होत्या. डाव्या हातात वाटी होती. घरात पहिल्यांदा आलेल्या बाळाच्या जिभेला आजीने गूळ लावायची आमच्याकडे रीत आहे. वाटीत तुपात कालवलेला गूळ होता. कसला गूळ, ते वरून दिसत नव्हतं. ओटीवर शेजारच्या बायका जमल्या होत्या, पुरुष होते, रघूभाऊजी हाडं वर आलेल्या अंगाने खांबाला धरून हसत उभे होते.

आईंनी उजव्या हाताचं बोट वाटीत बुडवलं आणि पुढे केलं.

मी पदर बाजूला केला नाही.

"अहो वहिनी, तोंड उघडं करा की त्याचं," कुमुद म्हणाली.

मी हलले नाही. आईंचं बोट माझ्या पदरापाशी येऊन थांबलं होतं, त्याच्यावरून तूप ओघळून मनगटाकडे चाललं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खांबाशी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघितलं. त्या क्षणी त्या काय ठरवत होत्या ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

त्यांनी हात मागे घेतला आणि ते बोट आपल्या तोंडात घातलं. सावकाश, मला दिसेल असं, स्वच्छ चाटलं. ज्या बाईने जन्मात कुणाला आपलं उष्टं दिलं नाही की कुणाचं घेतलं नाही, तिने तेच बोट तसंच, न धुता, पुन्हा वाटीत बुडवलं आणि पुढे केलं.

"आई, उष्टं झालं की ते," कुमुद हसत म्हणाली.

"होऊ दे," आई म्हणाल्या. "द्वारकेला विचार, चालतंय का."

मी बाळाच्या तोंडावरून पदर काढला.